रविवारचा दुरुस्ती वर्ग

"बाई, नाव लिहू नका अजून," तोडकरमामा म्हणाले. "आधी माझं ऐकून घ्या. मग लिहायचं का न्हाई ते ठरवा."

मी स्टुलावर उभी राहून वाचनालयाच्या दारातल्या फळ्यावर खडूनं सूचना लिहीत होते. 'दर रविवारी दुपारी तीन ते पाच. पुस्तक-दुरुस्ती वर्ग. फाटलेली पुस्तकं, पोथ्या, वह्या घेऊन या. शिकवणार' इथपर्यंत आले होते. मामा खाली उभे होते. हातातली टोपी त्यांनी छातीशी धरली होती.

"बोला ना."

"मी जेलात होतो. चौदा वर्षं. माणूस मारला होता."

माझ्या हातातला खडू फळ्यावरच राहिला. आत वर्तमानपत्रं वाचणाऱ्या म्हाताऱ्यांपैकी कुणी ऐकलं का म्हणून मी आधी तिकडे पाहिलं. कुणाचं लक्ष नव्हतं.

"कुणाला?"

"भावकीतलाच होता. पाण्याच्या पाळीवरनं भांडण झालं. खोरं घातलं डोक्यात."

"म्हणजे झटापटीत, चुकून."

"चुकून कसं? खोरं माझ्या हातात होतं, तो पुढ्यात होता. राग आला आणि मारलं. तुम्ही लोकांची पोरं शिकायला बोलावणार. त्याआधी तुम्हाला म्हाईत असावं. बांधणीचं काम मी तिथंच शिकलो, जेलच्या बाइंडिंगमदी."

मी स्टुलावरून खाली उतरले नाही. वरूनच म्हणाले, "मामा, शिक्षा भोगून झाली ना? मग विषय संपला. कुणी काही विचारलं तर मी बघून घेईन."

आणि मी फळ्यावर लिहिलं, 'श्री. जयवंत तोडकर'. अक्षर जरा मोठंच काढलं. त्या दिवशी मला स्वतःचं फार कौतुक वाटलं होतं.

नांदसर हे तालुक्याचं गाव. आमचं वाचनालय बाजारपेठेच्या टोकाला, दोन खोल्या आणि एक लांबट हॉल. जुने ग्रंथपाल निवृत्त झाल्यावर मला मानधनावर घेतलं होतं. वर्षभर काम बघून कायम करू, असं संचालक मंडळानं सांगितलं होतं. मी तेव्हा एकतीस वर्षांची होते. जिल्ह्याच्या एका प्रशिक्षण शिबिरातून डोक्यात पुष्कळ काही भरून आले होते. वाचनालयानं वाचकाची वाट बघत बसू नये, लोकांच्या उपयोगी पडावं, असं तिथं शिकवलं होतं. मी आल्या आल्या म्हाताऱ्या माणसांना घरपोच पुस्तकं सुरू केली. बुधवारी मुलांसाठी गोष्ट वाचन. मागच्या खोलीत एक टेबल टाकून लोकांचे सरकारी अर्ज भरून देणं. कार्यवाह पेंढारकर सर निवृत्त मुख्याध्यापक होते. प्रत्येक गोष्टीला ते म्हणत, "करा बाई. फक्त संस्थेच्या दारात भांडण आणू नका."

तोडकरमामा रोज सकाळी पेपर वाचायला येत. साठीच्या आसपासचा माणूस, उंच, पाठीत किंचित वाकलेला. बाजाराच्या मागं बहिणीकडे राहत. एकदा एक जुना शब्दकोश मी रद्दीत टाकायला काढला होता. त्याचा कणा पार मोडला होता. मामांनी तो उचलला, पानांचे जुज, म्हणजे एकत्र शिवलेले गठ्ठे, बोटांनी चाळून बघितले आणि म्हणाले, "ह्याला फेकता व्हय? दोरा गेलाय नुसता. कागद चांगला हाय." दोन दिवसांनी त्यांनी तो परत आणून दिला तेव्हा मला खरं वाटेना. नवीन जुजबंदी, पाठीला कापड, कडा सरळ कापलेल्या. तिथून वर्गाची कल्पना सुचली.

पहिल्या रविवारी चार माणसं आली. दोन महिन्यांत अठरा झाली. भजनी मंडळाची वही घेऊन आप्पा आले, कुणाच्या सासऱ्यांची पोथी आली, शाळेतल्या मुलांची पुस्तकं तर ढिगानं. मामा घरून पितळी पातेल्यात चिकटवायची लई, म्हणजे खळ, शिजवून आणत. तिच्यात मोरचूद घातलेलं असे, किडीसाठी. बायकांना ते सांगत, "हे हात भाकरीला लावायचे न्हाईत. आधी दोनदा धुवायचे." त्यांचं शिकवणं असं होतं की चूक झाली तर ते बोलायचे नाहीत. नुसता दोरा उसवून परत हातात द्यायचे.

शिकणाऱ्यांत नसीमा होती. शिवणकाम करायची. तिच्या वडलांची मापांची वही तिनं बांधायला आणली होती. गावातल्या तीन पिढ्यांच्या छात्या आणि बाह्या त्या वहीत लिहिलेल्या होत्या. तिचा हात सुईला सरावलेला, त्यामुळे ती सगळ्यांच्या पुढं गेली. तिच्याबरोबर तिची दहा वर्षांची मुलगी असे, रुबिना. कधी कधी नसीमा गिऱ्हाइकाचे कपडे द्यायला जाई आणि रुबिनाला मामांपाशी सोडून जाई. रुबिना पानं मोजायची आणि मामा तिला म्हणायचे, "साहेब, परत एकदा मोजा. आठ पायजेत."

वर्गाची बातमी तालुक्यात पसरली. जिल्ह्याचे ग्रंथालय अधिकारी तपासणीला आले ते नेमके रविवारी. वाचनालयाला वरचा वर्ग, म्हणजे वरची श्रेणी, मिळावी म्हणून आम्ही अर्ज केला होता. श्रेणी वाढली तर माझी कायम नेमणूक सोपी होणार होती. अधिकारी अर्धा तास वर्गात उभे राहिले. जाताना पेंढारकर सरांना म्हणाले, "असा उपक्रम मी दुसरीकडे बघितला नाही." सरांनी माझ्याकडे बोट दाखवलं. मी मामांकडे दाखवलं नाही. अधिकाऱ्यांबरोबर आलेल्या वार्ताहरानं फोटो काढला. मधे मी, बाजूला मामा, पुढं रुबिना बांधलेलं पुस्तक धरून.

"तुम्ही हे कुठं शिकलात?" वार्ताहरानं मामांना विचारलं.

मामा तोंड उघडणार एवढ्यात मी म्हणाले, "अहो, चहा गार होतोय. आधी चहा घ्या." वार्ताहर चहाकडे वळला आणि परत विचारायचं विसरला.

फोटो छापून आल्यावर दहा दिवसांनी निनावी पत्र आलं. पत्ता अध्यक्षांच्या नावाचा होता. अध्यक्षांचं बाजारपेठेत कापडाचं दुकान होतं. त्यांनी मला दुकानात बोलावलं नाही, पत्र दाखवलं नाही. पेंढारकर सरांकडून निरोप आला, रविवारी सकाळी अकरा वाजता तातडीची सभा, तोडकरांनाही बोलवा.

मी मामांना सांगायला गेले तेव्हा ते बहिणीच्या ओट्यावर बसून पुठ्ठा कापत होते.

"कळलं म्हणायचं लोकांना," ते म्हणाले.

"तुम्ही काळजी करू नका. मी आहे ना."

"काळजी कसली? तुम्हाला तर मी पहिल्याच दिवशी सांगितलंय."

त्यांचा आवाज अगदी निश्चिंत होता. परत येताना मी मनाशी वाक्यं जुळवत होते. 'मला माहीत होतं. मी विचार करून निर्णय घेतला. माणसानं शिक्षा भोगली आहे. वाचनालय सगळ्यांचं असतं.' चांगली वाक्यं होती. रात्री नवऱ्याला म्हणूनही दाखवली. तो साखर कारखान्यात होता. जेवता जेवता म्हणाला, "वाक्यं छान आहेत. पण तुझी ऑर्डर अजून निघायची आहे." एवढंच. माझ्या नोकरीवर घर चालत होतं असं मी पुढं पुष्कळांना भासवलं. खरं तर तसं नव्हतं.

सभेला पाच जण होते. मी टेबलाच्या कडेला इतिवृत्ताची वही घेऊन बसले होते. मामांना खुर्ची दिली होती, पण ते उभेच राहिले. टोपी हातात.

अध्यक्षांनी पत्राची घडी उघडली. "हे खरं आहे का?"

"खरं हाय," मामा म्हणाले.

"खुनाची शिक्षा?"

"व्हय."

एका संचालकांनी खुर्ची मागं सरकवली. त्यांची नात गोष्ट वाचनाला यायची. ते म्हणाले, "आणि आमची लेकरं ह्यांच्या पुढ्यात सुऱ्या-कात्र्या घेऊन बसत होती."

"काही झालंय का पण?" पेंढारकर सर हळूच म्हणाले.

"व्हायची वाट बघायची का सर?"

अध्यक्षांनी हात वर केला. ते आवाज चढवणारे नव्हते. "प्रश्न एवढाच आहे, संस्थेला हे माहीत होतं का. आत्ता तपासणी झाली आहे. वरून विचारणा आली तर काय सांगायचं? आम्हाला माहीत होतं आणि आम्ही मुलांना बसवलं, असं सांगायचं का? तसं असेल तर ज्यानं बसवलं त्याला उत्तर द्यावं लागेल. बाई, तुम्हाला ह्याची कल्पना होती?"

मी लिहीत होते. 'ग्रंथपालांना विचारणा करण्यात आली' हे शब्द मी खरोखर लिहिले आणि मग मान वर केली. मामा माझ्याकडे बघत होते. त्या बघण्यात विनवणी नव्हती. रांगेत आपला नंबर आल्यावर माणूस खिडकीकडे बघतो, तसे ते बघत होते.

"नाही," मी म्हणाले.

मामा अजून माझ्याकडेच बघत होते.

"बाई न्हाई म्हणतात ना," ते सावकाश म्हणाले. "मग नसंल."

"नसंल म्हणजे?" अध्यक्षांनी विचारलं. "नीट बोला. तुम्ही बाईंना सांगितलं होतं की नव्हतं?"

मामांनी टोपी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

"नव्हतं सांगितलं," ते म्हणाले.

पुढचं सगळं लवकर उरकलं. वर्ग बंद करायचा. तोडकरांनी उद्यापासून वाचनालयात येऊ नये. आणि उद्या कुणी बोट ठेवायला नको म्हणून त्यांच्याकडून तसं लिहून घ्यावं. "मजकूर बाई तयार करतील," अध्यक्ष म्हणाले. "त्यांची भाषा चांगली आहे."

सगळे गेल्यावर आम्ही दोघंच उरलो. मी कागद घेतला. अशा कागदांची भाषा मला येत होती. मागच्या खोलीत बसून मी तसले शेकडो अर्ज लोकांसाठी लिहिले होते. 'मी, जयवंत बाळा तोडकर, असे लिहून देतो की, माझा पूर्वेतिहास मी ग्रंथपाल व संचालक मंडळ यांच्यापासून हेतुपुरस्सर लपवून ठेवला. त्याबद्दल मी संस्थेची क्षमा मागतो. यात अन्य कोणाचाही दोष नाही.' शेवटचं वाक्य मला कुणी सांगितलं नव्हतं. ते मी माझ्या मनानं घातलं.

मामांनी कागद हातात घेऊन वाचला. एका शब्दावर बोट ठेवलं.

"हेतुपुरस्सर म्हणजे?"

"मुद्दाम."

"मुद्दाम," ते म्हणाले. मग हात पुढं केला. "पेन द्या."

त्यांनी सही केली. अक्षर बारीक, सुबक होतं. मी कागदावर आवक क्रमांक टाकला, शिक्का मारला. शिक्का मारताना मला बोलावंसं वाटलं.

"मामा, माझा नाइलाज होता. तुम्ही समजून घ्या."

ते दाराकडे निघाले होते. थांबले.

"कोर्टात मला वकील म्हणाला होता," ते म्हणाले, "चुकून लागलं म्हण. झटापटीत लागलं म्हण. थोडक्यात सुटशील. मी म्हणालो, न्हाई, मारलं ते मारलं. आई पाया पडली माझ्या. तरी न्हाई म्हणालो."

एवढं सांगून ते पायऱ्या उतरले. चपला घालताना त्यांनी भिंतीचा आधार घेतला.

त्याच दुपारी तीन वाजता नसीमा आणि रुबिना आल्या. फळा मी पुसला होता, पण त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. हॉलमध्ये सतरंजी अंथरलेली नव्हती. नसीमा दारातच उभी राहिली.

"मामा नाहीत?"

मी तिला बाजूला घेतलं. रुबिना ऐकणार नाही अशा आवाजात सांगितलं, मामांबद्दल एक गोष्ट उघडकीला आली आहे, ते तुरुंगात होते, खुनाच्या गुन्ह्यात. आम्हा कुणालाच कल्पना नव्हती.

नसीमानं एकदा रुबिनाकडे पाहिलं.

"मला होती," ती म्हणाली. "पहिल्यांदा रुबिनाला सोडून जायला निघाले ना, तेव्हाच त्यांनी सांगितलं. म्हणाले, 'पोर माझ्यापाशी ठेवतीस तर आधी हे ऐक. मग ठेव नाहीतर ने.' मी तिला घेऊन घरी गेले, रात्रभर विचार केला. मग पुढच्या रविवारी ठेवली." मग तिनं विचारलं, "मला सांगितलं, भजनवाल्या आप्पांना सांगितलं. आणि तुम्हालाच कसं सांगितलं नाही?"

मी म्हणाले, "नाही सांगितलं खरं."

तिनं मान हलवली. वाद घातला नाही. मुलीचा हात धरून ती गेली. मापांची वही बांधून तयार होती, आतल्या टेबलावर दाबाखाली होती. ती वही न्यायलाही नसीमा परत आली नाही. मीच पुढं कुणाबरोबर तरी पाठवून दिली.

तीन आठवड्यांनी मी पेंढारकर सरांच्या घरी गेले. झोप नीट लागत नव्हती. सर व्हरांड्यात शेंगा सोलत बसले होते. मी उभ्या उभ्याच सांगून टाकलं, "सर, मला माहीत होतं. मामांनी मला आधीच सांगितलं होतं. मी सभेत खोटं बोलले."

सरांनी शेंगा सोलणं थांबवलं नाही.

"मला वाटलंच होतं," ते म्हणाले.

"मग त्या वेळी बोलला का नाहीत?"

"तुम्ही नाही म्हणालात. मी मधे बोललो असतो तर तुमची नोकरी गेली असती. तोडकरांचं काय, त्यांचं आधीच गेलं होतं." त्यांनी टरफलं मुठीत गोळा केली. "आता कशाला उकरता? कालच्या सभेत इतिवृत्त कायम झालं. तुमच्या ऑर्डरवर सही झाली. आपल्याला वरचा वर्गही मिळतोय. आता तुम्ही तोंड उघडलंत तर तुमच्याबरोबर संस्थाही जाईल. जाऊ द्या."

मी "बरं" म्हणाले. सरांच्या बायकोनं चहा दिला, तो प्यायले. रस्त्यावर आल्यावर माझ्या लक्षात आलं की मला हलकं वाटतंय. मी सांगायला गेले होते, सांगितलं होतं, आणि काहीही करावं लागलं नव्हतं. त्या रात्री मला गाढ झोप लागली. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

पुढं वाचनालय वाढलं. वरचा वर्ग मिळाला, संगणक आले, अभ्यासिका झाली. मला जिल्ह्याचं एक पारितोषिकही मिळालं. अहवालात दुरुस्ती वर्गाचा उल्लेख होता, 'काही काळ यशस्वीरीत्या राबविला' असा. तोही मीच लिहिला होता.

सहा वर्षांनी मामांची बहीण यमुनाबाई अर्ज भरून घ्यायला मागच्या खोलीत आली. निराधार पेन्शनचा अर्ज होता. तिनं मला ओळखलं की नाही ते कळलं नाही. मी नाव, गाव, वय लिहीत गेले. वारसाच्या रकान्यापाशी आले तेव्हा ती म्हणाली, "भाऊ लिवा. जयवंत बाळा तोडकर."

"कुठं असतात ते?" मी मान खाली घालूनच विचारलं.

"कोल्हापुरात. बाइंडिंगच्या दुकानात हाय. मालक लई जीव लावतो."

"मालकाला माहीत आहे?"

"काय ते?" म्हणून तिनं माझ्याकडे पाहिलं. मग तिच्या लक्षात आलं. "न्हाई वो. मुंबईला छापखान्यात हुतो म्हणून सांगितलंय त्येनं. खोली घेताना बी त्येच सांगितलं. बायको-पोरं हुती, एस्टीच्या अपघातात गेली म्हणतोय. मालकीणबाई त्येला सणाला ताट देती त्या पायी."

मी लिहायची थांबले होते.

"मी लई वर्सं सांगत हुते त्येला," यमुनाबाई म्हणाली. "अरं, जो भेटंल त्येला कशाला सांगत सुटतोस? दोन ठिकाणची कामं घालवली त्येनं त्या पायी. एक जमलेलं लगीन मोडलं. ऐकायचाच न्हाई. म्हणायचा, अक्का, मेलेल्याला मी काय परत देऊ शकत न्हाई, निदान त्येच्या नावानं खोटं तरी बोलणार न्हाई." ती हसली. पुढचे दोन दात पडले होते तिचे. "पर तुमच्या हितनं गेला आणि शाना झाला बगा. आता कसा, सुखात हाय."

मी वारसाचं नाव लिहिलं. नात्याच्या रकान्यात 'भाऊ' लिहिलं. कागद तिच्याकडे वळवला आणि सही कुठं करायची ते दाखवलं. सही येत नाही म्हणाली, तेव्हा शाईचं पॅड तिच्यापुढं सरकवलं.